तळ्यातील मासे का मरतात?

'पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी तडफड' असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. मासोळीचे जीवन पाण्यात आणि मरण पाण्याबाहेर, अशी आपली पक्की समजूत असते. पण मासोळी पाण्यात असतानाही गुदमरते, एखाद्या रात्रीत तळ्यातील शेकडो मासे आपल्याच घरात श्वास कोंडून मरतात, असे कोणी सांगितले तर ते चटकन खरे वाटणार नाही. मलाही वाटले नसते. परंतु काही वर्षांपूर्वी जून महिन्यातील एका सकाळी मी ते डोळ्यांनी पाहिले. त्या सकाळी माशांचे प्राण तर गेलेच, पण त्यांच्याबरोबर एका निरपराध घराची अब्रूही जाण्याची वेळ आली होती. म्हणूनच तो प्रसंग मनातून गेला नाही, आणि आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे हा विषय मांडावासा वाटला.

आरंभीच सांगितले पाहिजे की मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. भाषा आणि इतिहास हे माझे विषय. माझे बालपण कारवारकडे गेले. घरची बोली कोकणी. आणि 'नुस्तें' नसेल तर जेवण अपुरे मानणाऱ्या घरात मी वाढलो. मृगाचा पहिला पाऊस कोसळला की ओहोळांतून, शेतांच्या बांधांवरून उलट चढत जाणारे चढणीचे मासे धरण्यासाठी आम्ही मुले कंदील घेऊन रात्री-अपरात्री धावत असू. पहिला पाऊस म्हणजे माशांचा उत्सव, हेच माझ्या मनावर ठसलेले. तोच पहिला पाऊस घाटावरच्या तळ्यात माशांचा काळ ठरू शकतो, हे मला कलघटगीस आल्यावर कळले.

आपला कलघटगीचा मुलूख मलनाडाच्या उंबरठ्यावर वसलेला आहे. एका अंगाला हुबळी-धारवाडची काळी जमीन, दुसऱ्या अंगाला यल्लापूरकडे उतरत जाणारे रान. धारवाडजवळ सोमेश्वरापाशी उगम पावलेली शाल्मला याच परिसरात बेडतीला मिळते आणि तोच प्रवाह पुढे घाट उतरून गंगावळी या नावाने समुद्राला जातो. पण उन्हाळ्यात या प्रवाहांत फारसा दम नसतो. म्हणून पूर्वजांनी गावोगावी तळी बांधली. कन्नड बोलणारे शेजारी त्यांना 'केरे' म्हणतात. भाताला पाणी, गुरांना पाणी, धुण्याला पाणी आणि गोरगरिबांच्या ताटात चार मासे, हे सारे एकच तळे देते. तळ्यातील मासळीचा पुष्कळ गावी लिलाव होतो. लिलाव घेणारा कर्ज काढून कटला-रोहूची पिल्ले सोडतो आणि वर्षभर त्या पाण्याकडे आशेने पाहत राहतो.

अशाच एका गावच्या तळ्यावर ती घटना घडली. तीन दिवस आभाळ भरून आले होते, वारा पडला होता, ऊन कसे ते दिसले नव्हते. चौथ्या रात्री जोराची सर आली. सकाळी शाळेत पोचतो तो मुले धापा टाकीत आली आणि म्हणाली, "सर, तळं पांढरं झालंय!" आम्ही जाऊन पाहिले. काठाशी हातभर लांबीचे कटला आणि रोहू पांढरी पोटे वर करून तरंगत होते. जे जिवंत होते ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. लिलाव घेणारा गृहस्थ काठावर डोक्याला हात लावून बसला होता. तोवर गावात एकच बोलणे सुरू झाले होते : "कोणी तरी रात्रीत विष टाकले." आणि 'कोणी तरी' या शब्दाला नाव मिळायला फारसा वेळ लागला नाही. लिलावात हरलेले एक घर होते. दोन्ही घरांत बोलाचाली झालेली सर्वांना ठाऊक होती. त्या घरचा मुलगा आमच्याच शाळेत होता. त्या दिवशी तो वर्गात मान खाली घालून बसला. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी कोणी डबा उघडला नाही.

विष टाकले की नाही, हे कसे ठरवावे? ते ठरविण्याआधी मासा श्वास कसा घेतो हे समजले पाहिजे. मासा पाणी 'पितो' आणि त्यावर जगतो असे लहान मुलांना वाटते. वस्तुतः तो तोंडाने घेतलेले पाणी कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. कल्ल्यांच्या तांबड्या, पिसासारख्या पडद्यांतून रक्त वाहत असते आणि ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू टिपून घेते. आपण हवेतला प्राणवायू घेतो, मासा पाण्यातला घेतो, गरज एकच. पण दोघांच्या संपत्तीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साधारण तापमानाच्या १ लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो; तितक्याच पाण्यात, ते अगदी ताजे व घुसळलेले असले तरी, जेमतेम ९ मिलिग्रॅम. म्हणजे मासा सदैव दरिद्री माणसासारखा हातावर पोट घेऊन जगतो. एका दिवसाची मिळकत बुडाली तरी त्याच्या जिवावर बेतते.

त्यातही एक चमत्कारिक नियम आहे. पाणी जितके ऊन होईल तितका त्यात कमी वायू राहतो. बर्फाइतक्या थंड पाण्यात लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ७.५ मिलिग्रॅमच मावतो. चुलीवर पाणी ठेवले की उकळी येण्याच्या पुष्कळ आधी भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात. ते विरघळलेल्या हवेचेच असतात. हा प्रयोग तुम्ही घरी रोज पाहता, पण त्याचा अर्थ ध्यानात येत नाही. आता गंमत अशी, की उन्हाळ्यात पाण्यातील प्राणवायू घटतो त्याच वेळी उष्णतेने माशाच्या शरीराचे व्यापार वाढतात व त्याला प्राणवायू जास्त लागतो. मिळकत कमी आणि खर्च जास्त, असा हा दुहेरी पेच असतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असेल तर बहुतेक मासे सुखाने राहतात. तो २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की त्यांची तडफड सुरू होते.

मग तळ्यात प्राणवायू येतो कोठून? काही वाऱ्याने लाटा उठल्या म्हणजे हवेतून येतो. पण उथळ, संथ तळ्यात मोठा पुरवठा करतात त्या पाणवनस्पती आणि डोळ्यांना न दिसणारे हिरवे शेवाळ. पाणी हिरवट दिसते ते याच सूक्ष्म शेवाळामुळे. सूर्यप्रकाशात ते आपले अन्न तयार करते आणि प्राणवायू सोडते. म्हणून दुपारी तीनच्या सुमारास तळे प्राणवायूने श्रीमंत असते. पण सूर्य मावळला की हे दुकान बंद होते. इतकेच नव्हे, तर दिवसा दान करणारे हेच शेवाळ रात्री स्वतः श्वास घेते आणि दिवसा दिलेल्यातून परत घेऊ लागते. मासे घेतात, शेवाळ घेते, तळाच्या चिखलात पालापाचोळा कुजविणारे कोट्यवधी जीवाणू घेतात. सर्वजण घेणारे आणि देणारा कोणी नाही. त्यामुळे रात्र जसजशी सरते तसतसा प्राणवायू घटत जातो आणि पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी, तो सर्वांत कमी होतो. माशांच्या सामूहिक मरणाची बातमी बहुधा सकाळीच का येते, याचे उत्तर येथे आहे.

निरोगी तळे ही रात्र निभावून नेते. परंतु तीन-चार दिवस आभाळ झाकोळलेले राहिले तर दिवसाची मिळकत बुडते आणि रात्रीचा खर्च मात्र चालू राहतो. वारा पडला तर हवेकडून मिळणारी थोडी उधारीही बंद होते. अशा वेळी पहिला मोठा पाऊस येतो. उन्हाळ्यात तळ्याचे वरचे पाणी ऊन म्हणून हलके, आणि खालचे थंड म्हणून जड. दोन्ही थर दुधावरच्या सायीसारखे वेगळे राहतात. तळाशी वर्षभराचा गाळ कुजत असतो, तेथे प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू साठलेला असतो. पावसाचे थंड पाणी वरून पडले की थर मोडतात, पाणी वर-खाली होते आणि तळाची घाण साऱ्या तळ्यात पसरते. त्यातच पहिल्या पुराबरोबर रस्त्यांवरचे शेण, शेतांतील खत, गटारांची घाण तळ्यात येते. ती कुजविण्यासाठी जीवाणूंना आणखी प्राणवायू लागतो. चढणीच्या माशांना ओहोळाचे नवे, खळाळते पाणी मिळते म्हणून ते आनंदाने उड्या मारतात; बंद तळ्यातील माशांना मात्र पळून जायला वाट नसते.

हे सर्व आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांनी मला त्या दिवशी समजावून सांगितले. पण समजावून सांगणे वेगळे आणि दाखवून देणे वेगळे. गाव पुरावा मागत होते. तेव्हा त्यांनी एक युक्ती योजिली. हंगेरीतील विंक्लर नावाच्या रसायनज्ञाने १८८८ मध्ये पाण्यातील प्राणवायू मोजण्याची एक रीत शोधून काढली. ती आजही जगभर वापरली जाते. काचेच्या बुचाच्या बाटलीत हवा न शिरू देता पाणी भरायचे, त्यात आधी मॅंगनीज सल्फेटचे व नंतर आयोडाइड मिसळलेल्या तीव्र अल्कलीचे काही थेंब सोडायचे आणि बूच लावून बाटली हलवायची. बाटलीत साका बसतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. (ही रसायने त्वचेला अपायकारक आहेत, हा प्रयोग शिक्षकांनीच करावयाचा.)

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे शिक्षक, वरच्या वर्गातील काही मुले, गावचे दोन वडीलधारे पंच आणि लिलाव घेणारा गृहस्थ असे तळ्यावर गेलो. त्या मुलालाही मी मुद्दाम बरोबर घेतले. अजून उजाडत होते. आता बारीक खवलीही मरू लागल्या होत्या. पाण्याला कुबट वास येत होता. बाटली भरली, थेंब सोडले, बूच लावून हलविली. सर्वांच्या माना बाटलीवर वळल्या. हळूहळू साका बसला. तो चुन्यासारखा पांढरा होता. पंचांपैकी एकाने शंका काढली, "हे औषधच पांढरे असेल." शंका रास्त होती. म्हणून शाळेच्या विहिरीतून काढून दोन घागरींत वरचेवर ओतून घेतलेले पाणी तसेच तपासून दाखविले. त्याचा साका तपकिरी झाला. त्या दिवशी आभाळ उघडले. दुपारी तीन वाजता आम्ही पुन्हा तळ्याचे पाणी घेतले. साका फिकट तपकिरी आला आणि उरलेले मासे पृष्ठभाग सोडून खाली गेले होते. विष असते तर उन्हाने उतरले नसते.

मुलांनी आणखी काही गोष्टी टिपल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर बाटलीइतकाच त्या निरीक्षणांचा उपयोग झाला. काठावर बेडूक जिवंत होते. पाण्यावर धावणारे किडे नेहमीसारखे धावत होते. गुरे पाणी पिऊन गेली होती व त्यांना काही झाले नव्हते. आणि तळ्यातील मरळ, मागूर व शिंगी यांपैकी एकही मेलेली आढळली नाही. याचे कारण फार मनोरंजक आहे. मरळ माशाच्या कल्ल्यांच्या वर हवा धरून ठेवणारी एक पोकळी असते; मागूरला झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो; शिंगीला पाठीच्या बाजूने गेलेल्या दोन लांब हवेच्या पिशव्या असतात. हे मासे मधूनमधून वर येऊन सरळ हवेतला श्वास घेतात. पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्यांचे काम अडत नाही. विष मात्र बहुधा असा भेद करीत नाही. पुष्कळ विषे बेडूक, किडे, मरळ यांनाही सोडत नाहीत.

मोठे मासे आधी का मेले, हाही प्रश्न मुलांनी विचारला. प्राणवायू कमी झाला तरी हवेला चिकटून असलेल्या पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात तो थोडा असतो. बारीक मासे त्या थरातले पाणी घेऊन काही काळ तग धरतात. मोठ्यांना तेवढ्याने पुरत नाही. उलट विषाने बहुधा बारीक मासे आधी मरतात. तेव्हा ध्यानात ठेवा : मृत्यू पहाटे की भर दुपारी, आधी मोठे की बारीक, बेडूक-किडे जिवंत आहेत की नाहीत, आणि मागील तीन दिवस हवा कशी होती, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मा उलगडा होतो. विषप्रयोग कधी होतच नाही असे मात्र कोणी समजू नये. गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकण्याची जुनी रीत आहे. हल्ली शेतीची कीटकनाशकेही पाण्यात जातात. म्हणूनच आधी पाहावे आणि मग बोलावे.

असल्या संशयाला केवळ आपली खेडीच बळी पडतात असेही नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड व जर्मनी यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. कोणी तरी नदीत विष ओतले असा बोलबाला झाला, आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्यास पोलंडमध्ये १० लक्ष झ्लॉटीचे पारितोषिक जाहीर झाले. पुढे शास्त्रज्ञांनी शोध केला तेव्हा निष्पन्न झाले, की नदीत खाणी व कारखान्यांचे खारट पाणी दीर्घकाळ सोडले जात होते. त्या वर्षी उष्मा वाढला, पाणी घटले आणि एरवी मचूळ पाण्यात वाढणारे एक सोनेरी सूक्ष्म शेवाळ तेथे माजले. विष त्या शेवाळानेच निर्माण केले होते. एका रात्रीचा गुन्हेगार शोधू गेले, तो अनेक वर्षांचा हिशेब हाती आला.

उत्तरेकडील थंड देशांत माशांच्या मरणाचा मोसम निराळा असतो. तेथे हिवाळ्यात तळी गोठतात. वर बर्फाचे झाकण बसते व त्यावर हिम साठते. हवा आत जात नाही, प्रकाशही जात नाही, शेवाळाचे दुकान बंद पडते आणि मासे झाकणाखाली कोंडून मरतात. वसंतात बर्फ वितळले की ते मृत मासे दिसू लागतात. आपल्याकडे हिमाचे झाकण नाही, पण जलपर्णीचे आहे. हुबळीच्या उणकल तळ्यावर ही जांभळ्या फुलांची वनस्पती वेळोवेळी पसरलेली अनेकांनी पाहिली असेल. दिसायला हिरवीगार, पण तिच्याखाली अंधार आणि कोंडमारा.

प्राणवायूप्रमाणे तापमानही मारते. उत्तर अमेरिकेतील नद्या व सरोवरांत शॅड नावाचे मासे असतात. आपल्या तारली व पाला यांच्याच गोत्रातील हे बारीक, चंदेरी मासे मोठ्या माशांचे भक्ष्य म्हणून प्रसिद्ध आहेत. कडक थंडीत पाणी गोठणबिंदूच्या जवळ आले की ते हजारोंनी मरतात. याच गोत्रातील एलवाइफ या माशाची कथा तर इतिहासाच्या शिक्षकाने सांगावी अशीच आहे. हा मूळचा अटलांटिक महासागरातला मासा. नायगारा धबधब्यामुळे त्याला वरच्या महासरोवरांत जाता येत नव्हते. पण जहाजांसाठी माणसाने धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा काढला; तो १८२९ मध्ये सुरू झाला. त्या वाटेने एलवाइफ हळूहळू वर चढला आणि १९४९ मध्ये मिशिगन सरोवरात आढळला. त्याच वाटेने आलेल्या लॅम्प्री नावाच्या रक्तशोषक जीवाने आणि अतोनात मासेमारीने त्या सरोवरातील मोठे ट्राउट मासे संपत आणले होते. खाणारा कोणी उरला नाही, म्हणून एलवाइफ बेसुमार वाढले. हिवाळ्याने अशक्त झालेले हे मासे वसंतात अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येत. तेथे तापमान एकाएकी वर-खाली झाले की समुद्राच्या या जिवाला ते सोसत नसे. १९६७ मध्ये तर सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरच्या त्या विशाल सरोवराचे किनारे मृत माशांच्या राशींनी भरून गेले. शिकागोजवळच्या किनाऱ्यांवर त्या राशी यंत्रांनी उपसाव्या लागल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, प्रशांत महासागराकडील सॅमन मासे तेथे सोडण्यात आले होते. त्यांनी एलवाइफ खाण्यास आरंभ केला, आणि पुढे असे प्रलय कमी झाले. वसंत ऋतू तर दर वर्षी येतच होता. पण त्याला इतके मोठे बळी मिळाले ते माणसाने काढलेल्या वाटेमुळे.

हाच धागा आपल्याकडेही सापडतो. मुंबईच्या वाळकेश्वरास बाणगंगा हे पुरातन तळे आहे. शिलाहारांच्या काळी, इसवी सन ११२७ मध्ये, ते बांधले गेले असे सांगतात, आणि आज त्याची व्यवस्था गौड सारस्वत ब्राह्मणांच्या मंदिर-न्यासाकडे आहे. पितृपक्षात तेथे श्राद्धासाठी मोठी गर्दी होते. पिंड, भात, दूध, फुले पाण्यात सोडली जातात. २०२२ साली सर्वपित्री अमावास्येनंतर तेथे मासे मरून तरंगले, आणि तसे पूर्वीही घडले होते. अन्न हे काही विष नव्हे. पण ते कुजते तेव्हा जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवितात. पितरांना घास देताना पाण्यातील जिवांचा श्वास जाऊ नये, एवढा विवेक श्रद्धेला कमीपणा आणणारा नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मृत माशांचा असाच खच पडला. कोल्हापूरकडील पंचगंगेत तर तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी उन्हाळ्यात मेलेले मासे अनेकदा दिसले आहेत. या नद्यांच्या बाबतीत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे मैले पाणी यांकडे बोट दाखविले जाते. साखर-गुळाच्या मळीचे पाणी मधुर म्हणून निरुपद्रवी वाटते. परंतु जीवाणूंना ती मेजवानीच असते, आणि मेजवानीचा खर्च माशांच्या श्वासातून होतो. पावसाळ्यात नदी हा भार वाहून नेते. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी अडून राहिले की ती असमर्थ ठरते. त्याच २०२३ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील मेनिंडी गावी डार्लिंग नदीत तारलीच्याच गोत्रातील बोनी ब्रीम हे मासे लक्षावधींनी मेले. तेथे पुराचे पाणी कुजका पाला घेऊन ओसरत होते आणि वर कडक ऊन होते. देश निराळा, नदी निराळी, हिशेब एकच.

ऋतू हा शेवटचा धक्का देतो. पण तळ्याला कड्याच्या टोकापर्यंत कोण नेऊन ठेवतो? वर्षानुवर्षे गाळ न काढणारे, गटार तळ्यात वळविणारे, खताची रिकामी पोती आणि देवघरातील निर्माल्य त्यात टाकणारे. म्हणजे थोडेथोडे आपण सर्वच. आमच्या त्या तळ्याच्या काठी पंचांनी हीच गोष्ट सांगितली, आणि माझ्यापेक्षा फार सोप्या भाषेत सांगितली. पांढरा साका पाहून ते लिलाव घेणाऱ्याला म्हणाले, "बाबा रे, रात्री कोणी आले नाही. आपणच वर्षभर येत होतो."

उपायही अवघड नाहीत. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून शेतात घालावा. तो शेताला खत आणि तळ्याला श्वास देतो. सांडपाण्याला दुसरी वाट द्यावी. जलपर्णी फुलण्यापूर्वीच उपटून काठापासून दूर टाकावी. पाणी गडद हिरवे झाले तर माशांना घालावयाचे शेण व पेंड काही दिवस थांबवावी. आभाळ झाकोळलेले असता पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडावे; पडणारे पाणी हवा घेऊन आत जाते. मेलेले मासे खाऊ नयेत, विकू नयेत. ते काढून पुरावेत, कारण तेही कुजताना प्राणवायूच खातात. आणि कारण कळेपर्यंत ते पाणी पिण्यास वापरू नये व मत्स्यखात्याला कळवावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी एक काम मी मुद्दाम राखून ठेवले आहे. आपापल्या गावच्या तळ्याची एक वही करा. तारीख, आभाळ, वारा, पाण्याचा रंग, पाण्याची पातळी, दिसलेले मासे व पक्षी, एवढेच आठवड्यातून एकदा लिहावे. दोन-तीन वर्षांनी ती वही तुमच्या गावातील बहुमोल कागद ठरेल; कारण संकट येते तेव्हा आदल्या तीन दिवसांत हवा कशी होती हे नेमके कोणालाच आठवत नाही.

आमच्या शाळेत ही वही प्रथम कोणी लिहिली, हे सांगून लेख संपवितो. ज्याच्या शेजारी डबा उघडायला कोणी तयार नव्हते, त्याच मुलाने. तळ्यावरून परत येताना लिलाव घेणारे गृहस्थ त्याच्या जवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि काही न बोलता पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा नवी वही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पहिल्या पानावर काय लिहू?" मी म्हटले, "जे डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच."